एडिटर सगळ्यात शेवटी निवडा

बदल तीन ओळींचा होता. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं टूल, म्हणत होतं, अख्खी फाइल बदलली.

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी आम्ही चौघं आवक-नोंदीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. दोघांकडे विंडोज, एकाकडे उबुंटू, एकाकडे जुना विकत घेतलेला मॅक. ज्याने त्या तीन ओळी लिहिल्या, त्याच्या एडिटरने (कोड लिहायच्या प्रोग्रॅमने) फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं ओळ-चिन्ह घातलं. विंडोज ओळीच्या शेवटी सीआरएलएफ अशी दोन अक्षरं ठेवतं, लिनक्स आणि मॅक नुसतं एलएफ. डोळ्याला काही दिसत नाही, गिटला मात्र सगळं दिसतं. त्या संध्याकाळी आयटी पार्कच्या बाहेर चहाच्या टपरीवर तासभर वाद चालला, की सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा का आणि वापरायचा तर कोणाचा. "माहा एडिटर मी काहून बदलू बे?" इथपर्यंत गोष्ट गेली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सापडली ती एका ओळीची. एडिटर कुणीच बदलला नाही.

तेव्हापासून नवा प्रोजेक्ट सुरू करताना मी टूल निवडायचा क्रम उलटा ठेवतो. बहुतेक जण एडिटरपासून सुरुवात करतात, मग प्लगइनची (एडिटरला जोडायच्या जादा सोयींची) खरेदी होते आणि फॉरमॅटर, टेस्ट वगैरे "नंतर बघू" म्हणून राहून जातात. मी प्रोजेक्टच्या फोल्डरात राहणारी टूल आधी ठरवतो. एडिटर ज्याचा त्याचा.

पायरी १: आधी मशीन आणि खोली बघा

एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: भाषा कोणती, टीममध्ये कोणाकडे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, प्रत्येकाच्या मशीनला रॅम किती, आणि ते मशीन कुठे ठेवलेलं असतं.

शेवटचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लोकांना गमतीचा वाटेल. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि लॅपटॉप खोलीतलीच गरम हवा आत ओढतो. प्रोसेसर एका मर्यादेपुढे तापला की तो आपणहून वेग कमी करतो. मोठा आयडीई (लिहिणं, चालवणं, चुका शोधणं एकत्र करणारा एडिटर) प्रोजेक्ट उघडल्यावर आधी सगळ्या फाइलींची इंडेक्सिंग करतो, तेव्हा सगळे कोअर एकदम कामाला लागतात. जानेवारीत जे दोन मिनिटांत उरकतं, ते मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसूनही लांबतं. (कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका. हवा थंड असते तशी ओलीही असते.) म्हणून एडिटरची चाचणी हिवाळ्यात घेतली असेल तर उन्हाळ्यात एकदा परत घ्या.

रॅमचं गणित सरळ आहे. ८ जीबीच्या मशीनवर इंटेलिजे (जेटब्रेन्स कंपनीचा आयडीई), डॉकर डेस्कटॉप (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) आणि वीस टॅबचा ब्राउझर एकत्र नांदत नाहीत. विंडोज आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप आत एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन चालवतो, ते आपला वाटा वेगळा काढून घेतं. १६ जीबी असेल तर निभावतं. टीममधलं सगळ्यात कमकुवत मशीन कोणतं ते शोधा आणि टूलचा संच त्यावर चालेल असाच ठेवा. टीम लीडच्या मशीनवर सगळंच चालतं, त्यावरून काही ठरवू नका.

वीज जाते तेव्हाचंही बघून घ्या. न सेव्ह केलेला मजकूर पुढच्या वेळी परत मिळतो का? व्हीएस कोड या एडिटरमध्ये ही सोय मुळातच चालू असते. विममध्ये स्वॅप फाइल असते. डेस्कटॉप वापरणाऱ्याने यूपीएस नसताना हा प्रयोग एकदा मुद्दाम करून पाहावा.

पायरी २: प्रोजेक्टच्या फोल्डरात राहणारी टूल

खरी निवड इथे आहे, म्हणून वेळही इथेच घालवा. कसोटी एकच: ही सेटिंग रिपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळतं त्या प्रोजेक्टच्या साठ्यात, जाते का? गेली तर ती सगळ्यांना सारखी लागू होते. कुणाच्या एडिटरच्या खासगी सेटिंगमध्ये राहिली तर ती त्याच्यासोबत नोकरी सोडून जाईल.

पहिली फाइल डॉट गिटॲट्रिब्यूट्स. "सगळ्या मजकुरी फाइलींची ओळ-चिन्हं तूच सांभाळ" एवढं गिटला सांगणारी एक ओळ तिच्यात टाका: तारांकन, मग टेक्स्ट बरोबर ऑटो. आमच्या भांडणावरची दुरुस्ती ती हीच. जुन्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ टाकल्यावर गिट ॲडला रीनॉर्मलाइझचा पर्याय देऊन सगळ्या फाइली एकदा नव्याने नोंदवाव्या लागतात. नाहीतर जुना गोंधळ तसाच राहतो आणि वाटतं की ओळ कामच करत नाही.

दुसरी डॉट एडिटरकॉन्फिग. टॅब की स्पेस, किती स्पेस, फाइलचं एन्कोडिंग काय, शेवटी रिकामी ओळ हवी का, हे तिच्यात लिहितात. जेटब्रेन्सचे आयडीई आणि निओव्हिम ती थेट वाचतात, व्हीएस कोडला एक छोटं एक्स्टेंशन (त्याच्याकडे प्लगइनला हेच नाव) लागतं. एक अपवाद विसरू नका. मेकफाइलमध्ये (मेक या कमांड चालवणाऱ्या टूलच्या फाइलीत) कमांडच्या आधी टॅबच लागतो. "सगळीकडे चार स्पेस" असा सरसकट नियम केला की मेक बंद पडतो, आणि त्याचा एरर मेसेज वाचून नवशिक्याला काहीही कळत नाही.

तिसरं टूल फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं. इथे चर्चा करू नका, एक निवडा आणि त्याच्या मूळ सेटिंग बदलू नका. गो भाषेत गोएफएमटी आहे, त्याला पर्याय जवळपास नाहीतच, आणि त्या समाजातली भांडणं त्यामुळेच वाचली. पायथनला ब्लॅक किंवा रफ. जावास्क्रिप्टला प्रेटियर. ब्लॅक ओळीला ८८ अक्षरं देतो, प्रेटियर ८०. आकडा आवडला नाही तरी राहू द्या. मला स्वतःला ८८ हा आकडा कधीच पटला नाही, पण न पटूनही माझं काही बिघडलेलं नाही.

जुन्या प्रोजेक्टवर फॉरमॅटर चालवाल तेव्हा त्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) दुसरा एकही बदल घालू नका. नाहीतर कुठली ओळ कोणी आणि का लिहिली हे शोधताना सगळीकडे फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव दिसेल. त्या कमिटचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवता येतो आणि गिट ब्लेमला तो वगळायला सांगता येतं. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. तरी माझ्या ओळखीतल्या अर्ध्याअधिक लोकांना ती माहीत नाही.

लिंटर हे वेगळं प्रकरण. फॉरमॅटर दिसणं सुधारतो, लिंटर चुका पकडतो: न वापरलेलं व्हेरिएबल, विसरलेला अवेट, चुकीची तुलना. सुरुवातीला मोजकेच नियम चालू करा. पहिल्याच दिवशी दोनशे पिवळ्या रेघा दिसल्या की माणसं पिवळ्याकडे बघणंच सोडतात.

आवृत्त्यांचं सोपं आहे, पण टाळायचं नाही. नोडची किंवा पायथनची आवृत्ती प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवा आणि लॉकफाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती, याची यादी) कमिट करा. नोडमध्ये पॅकेज बसवणारं टूल एनपीएम; सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. तो लॉकफाइलशी जुळेल तेच बसवतो आणि जुळलं नाही तर तिथेच थांबतो.

मग या सगळ्याला एक दार करा. टेस्ट, लिंट, फॉरमॅट आणि चालवणं या चारही गोष्टी एकेका छोट्या कमांडने व्हायला हव्यात, मेकमधून करा की पॅकेज डॉट जेसनच्या स्क्रिप्टमधून. विंडोजवर मेक मुळात नसतो. टीममध्ये विंडोज जास्त असेल तर स्क्रिप्टचा मार्ग सोपा. त्याच कमांड गिटहब किंवा गिटलॅबच्या सीआयमध्येही (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सोयीत) चालवा, म्हणजे "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य कमी ऐकू येईल.

इतकं झालं की एडिटरचा प्रश्न आपसूक हलका होतो. फॉरमॅटिंग कुणाच्याही एडिटरने चुकवलं तरी सीआय ते परत पाठवतं.

पायरी ३: आता एडिटर

आज एडिटर निवडायला मोकळीक आहे, त्यामागे एक कारण आहे. पूर्वी प्रत्येक भाषेची समज प्रत्येक एडिटरसाठी वेगळी लिहावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे प्लगइन. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्हीसोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. आता भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये राहते आणि एडिटर ठरलेल्या भाषेत त्याला विचारतो: हे फंक्शन कुठे लिहिलंय, इथे पुढे काय येऊ शकतं. दोनशेच्या जागी तीस तुकडे पुरतात. रस्टचा रस्ट-ॲनालायझर व्हीएस कोडमध्ये चालतो, निओव्हिममध्ये चालतो, ईमॅक्समध्येही चालतो. म्हणून "अमुक भाषेसाठी अमुकच एडिटर" हे आता बऱ्याच ठिकाणी खरं नाही.

जावा आणि कोटलिन हा माझ्या मते अजूनही अपवाद. मोठं रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना बदलणं) असेल तर इंटेलिजेला तोड नाही, आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्याच्यावरच बांधलेला आहे. रॅम खातो, पण कामही तितकंच करतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना जेटब्रेन्सचे लायसन्स शिक्षणासाठी फुकट मिळतात. शिकून बाहेर पडल्यावर तेच लायसन्स क्लायंटच्या कामाला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

वेब, पायथन, गो, रस्ट यांना व्हीएस कोड बहुतेकांना पुरतो. फक्त एक बारकावा. त्याचा मूळ कोड एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, पण आपण डाउनलोड करतो ती तयार प्रत मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या लायसन्सची असते आणि वापराची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवते, जी सेटिंगमधून बंद करता येते. व्हीएसकोडियम ही त्याच कोडची, ती माहिती न पाठवणारी प्रत. ती घेतली तर पायलान्स, रिमोट एसएसएच यांसारखी मायक्रोसॉफ्टची स्वतःची एक्स्टेंशन सोडावी लागतात, कारण त्यांच्या अटी त्यांच्याच प्रतीपुरत्या आहेत. ओपन व्हीएसएक्स या एक्स्टेंशनच्या खुल्या साठ्यावर बाकी बरंच मिळतं.

जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर सब्लाइम टेक्स्ट किंवा निओव्हिम बघा. निओव्हिम शिकायला महिना जातो आणि त्याची कॉन्फिग फाइल सजवण्यात दुसरा महिना. पहिला महिना वसूल होतो, दुसरा होईलच असं नाही. सर्व्हरवर एसएसएच करून (दूरून लॉगिन करून) काम पडणाऱ्याने निदान साधं विम शिकून घ्यावं: उघडणं, शोधणं, बदलणं, आणि बाहेर पडणं. झेड हा नवा, रस्टमध्ये लिहिलेला, चपळ एडिटर आहे. त्याचा कोड २०२४ मध्ये खुला झाला. तो बनवणाऱ्यांनीच आधी ॲटम बनवला होता, आणि ॲटम गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद केला. मीही तेव्हा ॲटमवर होतो. तेरा प्लगइनवर बसवलेली सवय मोडताना त्रास झाला, पण प्रोजेक्टच्या एकाही फाइलला हात लावावा लागला नाही.

निवड मतांवर करू नका. पाच कामाचे दिवस एका एडिटरवर काढा, स्वतःच्या खऱ्या प्रोजेक्टवर, आणि रोज संध्याकाळी दोन ओळी लिहून ठेवा. मी या गोष्टी बघतो. मशीन सुरू केल्यापासून पहिल्यांदा "व्याख्येवर जा" नीट चालेपर्यंत किती वेळ गेला. एखाद्या फंक्शनचं नाव सगळ्या प्रोजेक्टभर बदललं तर काही सुटलं का. ब्रेकपॉइंट लावून टेस्ट हव्या त्या ओळीवर थांबवता येते का (प्रिंट टाकून बग शोधणाऱ्यांनी हे आठवड्यातून एकदा तरी करून पाहावं). दोन-तीन लाख ओळींची लॉग फाइल उघडते का. चार्जर काढून एक तास काम केल्यावर बॅटरी किती उरली.

आणि एक चाचणी जी इंग्रजी लेखांत कधी सापडत नाही: मराठी मजकूर.

एका फाइलीत "वऱ्हाडी, ज्ञानेश्वर, कुऱ्हा" असे शब्द टाइप करा. कर्सर बाणाने पुढे न्या आणि तो जोडाक्षराच्या मधोमध अडकतो का पाहा. बॅकस्पेस दाबल्यावर नुसती मात्रा जाते की सगळं अक्षर? वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात असतील तर ओळीची उंची वाढवा. कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसते, म्हणून फॉन्टच्या यादीत दुसरा म्हणून नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता लिहून ठेवा. टर्मिनलमध्येही तोच मजकूर छापून बघा. तिथे बरेचदा अवस्था वाईट असते.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. "नागपूर" हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे. युनिकोडच्या हिशेबात तो सहा कोड पॉइंटचा (मात्राही वेगळी मोजून) आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा. डेटाबेसच्या कॉलमची लांबी ठरवताना, नाव कापून पावतीवर छापताना हा फरक अंगाशी येतो. त्याहून बेरकी आहे तो ऱ्ह-ऱ्य मधला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो: एकतर "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) चालवलं तरी ते एक होत नाहीत. आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कुऱ्हा गावचे शेतकरी शोधले की निम्मेच सापडायचे, कारण दोन मुनीम दोन वेगळ्या कीबोर्डवर नोंदी करत होते. अदृश्य अक्षरं दाखवण्याची सोय एडिटरमध्ये चालू केली तेव्हा पाच मिनिटांत कारण सापडलं. त्याआधीचे दोन दिवस डेटाबेसवर संशय घेण्यात गेले होते. आता मजकूर साठवण्याआधीच आम्ही तो एका रूपात आणतो.

पायरी ४: प्लगइन, म्हणजे घरात घेतलेला भाडेकरू

व्हीएस कोडचं एक्स्टेंशन कुठल्याही कुंपणात चालत नाही. तुम्हाला ज्या फाइली वाचता येतात, त्या सगळ्या त्यालाही वाचता येतात: एसएसएचच्या चाव्या, डॉट ईएनव्हीमधले पासवर्ड, सगळं. म्हणून थीम असो वा आयकॉन, बसवण्याआधी चार गोष्टी बघा. प्रकाशक कोण, सोर्स कोड कुठे आहे, शेवटचा बदल कधी झाला, आणि हेच काम एडिटर स्वतः करतो का. कंसांचे रंग, ऑटो सेव्ह, टॅगचं नाव दोन्हीकडे बदलणं या गोष्टी व्हीएस कोडमध्ये आता आतच आहेत. तरी लोक त्यांची जुनी एक्स्टेंशन सांभाळून असतात.

डाउनलोडचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी माणसाला सोपवली. त्याने आणलेल्या एका उप-पॅकेजात बिटकॉइनच्या वॉलेटवर डोळा असलेला कोड निघाला. पॅकेज तेच, नाव तेच, मालक बदललेला. एडिटरच्या प्लगइनचंही असंच होऊ शकतं, आणि ती तर मूळ सेटिंगनुसार आपोआप अपडेट होतात. ज्यांच्यावर पूर्ण भरवसा नाही त्यांचं आपोआप अपडेट होणं बंद ठेवा, नाहीतर ती काढूनच टाका. अनोळखी रिपॉझिटरी उघडताना "या फोल्डरवर विश्वास आहे का" असं विचारलं जातं, तिथे सवयीने "हो" दाबू नका.

एडिटर संथ झाला तर अंदाज बांधत बसू नका. कमांड पॅलेटमधून चालू एक्स्टेंशनची यादी उघडा, प्रत्येकाला सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते तिथे दिसतं. काहीतरी बिघडलंय पण कोणामुळे ते कळत नसेल तर एक्स्टेंशन बायसेक्ट वापरा. तो निम्मी बंद करतो, विचारतो बरं वाटतंय का, मग उरलेल्यांपैकी निम्मी. बत्तीस असतील तर पाच फेऱ्यांत दोषी हाती लागतो.

टीमसाठी लागणारी एक्स्टेंशन प्रोजेक्टमधल्या डॉट व्हीएसकोड फोल्डरात शिफारशींच्या फाइलीत लिहून ठेवा. यादी पाच-सहाच्या पुढे जायला लागली तर काहीतरी चुकतंय. आमची चारावर थांबली आहे: भाषेचं, लिंटरचं, फॉरमॅटरचं, आणि एडिटरकॉन्फिगचं.

एआय सहायकांना हेच नियम, फक्त जास्त कडक. कोपायलट आणि तसली बहुतेक टूल तुमच्या कोडचे तुकडे बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. ते चालेल का हे क्लायंटला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. टेस्ट लिहायला, अनोळखी लायब्ररीची तोंडओळख करून घ्यायला मी ते वापरतो, आणि न वाचता एकही ओळ कमिट करत नाही. शेतकऱ्यांचे खरे खाते क्रमांक असलेली सीएसव्ही मात्र प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवायचीच नाही. फोल्डरात असेल ते कधी ना कधी कुठलंतरी टूल वाचतंच.

बाकीच्या टूलबद्दल थोडक्यात. एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) तपासण्याच्या विनंत्या कुणाच्या खात्यात न ठेवता मजकुरी फाइल म्हणून रिपॉझिटरीत ठेवा. डेटाबेससाठी डीबीव्हर पुरतो. डॉकर डेस्कटॉप अडीचशेपेक्षा कमी माणसं आणि एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपनीला फुकट आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना.

पायरी ५: नव्या माणसाला बसवून बघा

हे सगळं जमलं का हे तुम्हाला स्वतःला कळणार नाही, कारण तुमच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं आहे. इंटर्नशिपला नवं कोणी आलं की त्यांना रिकामा लॅपटॉप आणि रिपॉझिटरीचा पत्ता द्या, एडिटर त्यांच्या पसंतीचा. एक टेस्ट चालवून एक छोटा बदल सीआयमधून पास करायचा, एवढंच काम. शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. कुठे अडलं, किती मिनिटं अडलं, तेवढंच लिहा.

मागच्या खेपेला आलेल्या मुलीने आम्ही कुणीच वापरत नसलेला एडिटर उघडला आणि चाळीस मिनिटांत बदल पास करून दाखवला. त्यातली पंधरा मिनिटं ती एकाच जागी थांबली होती. चाचणीच्या डेटाबेसचा पासवर्ड कोणाकडे मागायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी तिनेच ती ओळ रीडमीमध्ये, प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, घातली.